तहानलेल्या बाईच्या देवळीत

अंतोफागास्ता

प्रिय नेल्दा,

रेनातोचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडच्या पावसात आणखी धरत असेल. त्याला म्हणावं, दाजी, इकडे वाळवंटात या, चार दिवस दोरीवर वाळत घालतो तुम्हाला. तुझी मिरेया बाळंतपणातून सावरली का? बाळ तिला झोपू देतं का? आणि तुझा तो आंधळा कुत्रा अजून कोंबड्यांना घाबरतो का? सगळ्यांचं सविस्तर कळव.

मी बरा आहे. आपल्या ओस्वाल्दोला जाऊन वर्ष होत आलं, तरी आम्हा दोघा भावांचं हे घर अजून त्याच्या खोकल्याची वाट बघतं. संध्याकाळच्या चहाला मी दोन पाव आणतो, एक तसाच राहतो. नळ सोडला की आतून, ‘किटली भर रे, म्हाताऱ्या,’ असं ऐकू येतं. मी खरंच भरतो. मग तिथंच पाण्याकडे बघत उभा राहतो.

त्यालाही कारण आहे. ओस्वाल्दोनं जन्मात सिगरेटला हात लावला नाही, मग फुप्फुस कसं सडलं, हे मला राहून राहून खायचं. विद्यापीठातल्या आरासेना डॉक्टरीणबाईंनी त्याच्या फुप्फुसाचा तुकडा तपासायला नेला होता. परवा त्यांच्यापुढे जाऊन बसलो. वयानं पोरगीच. म्हणाली, ‘आजोबा, जरा किचकट आहे हो.’ मी म्हटलं, ‘तू सांग गं, डोक्यात मावेल तेवढं नेईन, उरलेलं ठेव तुझ्याकडेच.’

आपल्या पेशीत म्हणे काही जनुकं पहारेकऱ्यासारखी असतात. पेशी सैरावैरा वाढायला लागली की तिला आवरतात. ओस्वाल्दोचा पहारेकरी मोडलेला नव्हता गं. एकेक अक्षर जागच्या जागी. पण त्याच्या सुरुवातीलाच मिथाइल नावाचे बारीक ठिपके दाटीनं चिकटलेले, त्यामुळे पेशीला तो वाचताच येईना. धडधाकट माणूस, पण तोंडात बोळा कोंबलेला. आणि एका पेशीच्या दोन झाल्या की बोळाही दोघींकडे जातो.

‘कोणी कोंबला?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘छातीठोक नाही सांगता येत. पण त्यांच्या लहानपणी इथल्या पाण्यात आर्सेनिक होतं. ते पाणी प्यालेल्यांत हे ठिपके जास्त दिसतात.’ आर्सेनिक म्हणजे सोमल, नेल्दा. डोंगरातल्या नदीतून नळानं घरात आलेला. ना वास, ना चव. पुढे पाणी शुद्ध करायला लागले आणि आपण विसरलो. पेशी विसरल्या नाहीत.

मी तेव्हा बोटीवर, बंदरोबंदरीचं पाणी पीत होतो. तुम्ही दोघं घरी. आई तुमच्या तोंडाला पेला लावून उभी राहायची, ‘सगळं संपव, नाहीतर खारकेसारखी सुकशील.’ आणि दर वर्षी त्याच नळाची बाटली भरून, तहानेनं मेलेल्या आणि आता नवसाला पावणाऱ्या बाईच्या रस्त्याकडेच्या देवळीत ठेवून यायची. पोरं धडधाकट ठेव म्हणून.

रविवारी मी ओस्वाल्दोसाठी तिथं बाटली घेऊन गेलो. उन्हात ढीगभर बाटल्या चकाकत होत्या आणि प्रत्येक बाटलीवर मला आईचाच हात दिसत होता. मला काही ती ठेववेना. मागून एक ट्रकवाला म्हणाला, ‘काका, ठेवताय की पिताय? आम्हालाही गाडी हाकायचीय.’ मग ठेवली. आणि शेजारी माझ्या प्यायच्या पाण्याची दुसरी ठेवली, तुझ्या नावाची.

वर सगळ्यांची विचारपूस केली, तुझी केली नाही. मुद्दामच. हात पुढे सरकेना. मागच्या पत्रात तू सहज लिहून गेलीस की लघवी अधूनमधून लाल होते, बीट खाल्लं असेल, उगीच काळजी नको म्हणून रेनातोला सांगितलं नाही. ओस्वाल्दोही खोकल्याला असंच म्हणायचा, ‘धूळ आहे रे, दुसरं काय.’ ते पाणी मूत्राशयालाही असंच बाधतं, आणि गाठ लवकर सापडली तर काढून टाकता येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा उद्याच दवाखान्यात जा. आणि तू कुठल्या पाण्यावर वाढलीस ते आपणहून सांग. तुमच्या त्या हिरव्या मुलखात हे कोणी विचारायचं नाही. बीटच निघालं तर मला खुळा म्हातारा म्हणून चार शिव्या लिही. पण लिही, लवकर लिही. पोस्टमन येईपर्यंत मी त्या नळापाशीच उभा असेन.

तुझाच थोरला,
लाउरेआनो