चूळ भरायचं पाणी

४ जून

आज रुजू झाले. आईला फोन केला तर म्हणाली, खेळांची पुस्तकं काढणं ही काय नोकरी झाली का. म्हटलं, नसेना, लहानपणापासून जे फुकट करत आले त्याचा आता पगार मिळणार, तुझं काय जातंय.

प्रकाशन अगदी लहान. दुमजली घर, खाली दोन खोल्या आणि पुस्तकांचे गठ्ठे, वर एकच लांबट खोली. आमच्या खेळाला पट नाही की सोंगट्या नाहीत. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलं तिथे फासे टाकतात. गोष्ट एका दूरच्या ग्रहावरची, तिथे अडकून पडलेल्या खाणकामगारांची. मूळ पुस्तक एकच. त्याला जोडायच्या पुरवण्या आजवर अकरा निघाल्यात: तिथले प्राणी, तिथले बोगदे, तिथले आजार. पुरवण्या बाहेरचे लेखक आपापल्या घरी बसून लिहितात. असे लेखक हुडकायचे, पारखायचे आणि कामाला जुंपायचे, हे माझं काम.

मालकांना सगळे काका म्हणतात. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, तोंडाचं पार बोळकं. हसले की तान्ह्या बाळासारखे दिसतात. मला पहिल्याच वाक्यात ‘पोरी’ म्हणाले. दुसरी आमची मांडणीवाली. ती पुस्तकाची पानं लावते. मोजकं बोलते. पाण्याची बाटली घरून आणते आणि दिवसभर दोन पायांच्या मधे धरून बसते. विक्षिप्त आहे, पण मीही पर्समधे फासे घेऊन फिरते, तेव्हा मी कुणाला हसू.

खोली शिंप्याच्या दुकानावर मिळाली. खालून शिलाई यंत्राचा आवाज येतो. छान वाटतं.

६ जून

अर्जाचा छापील नमुना वाचला. चौदा प्रश्न. आधी काय लिहिलंत, खेळ किती वर्षं खेळता, दिवसाला किती पानं होतात, घरी एकटे राहता का. नववा प्रश्न: किती दाढा काढल्या आहेत, कोणत्या बाजूच्या, जागा भरून घेतली की मोकळी आहे.

मला हसू आवरेना. काका म्हणाले, अगं, ज्याने दाढ उपटून घेतली त्यालाच दुखणं लिहिता येतं. मी म्हटलं, माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. ते म्हणाले, म्हणून तर तू लिहायचं नाहीस, लिहिणारे आणायचेस.

उमेदवाराला वरच्या खोलीत बसवायचं अशी रीत आहे. आधी मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, म्हणजे आवाज मोकळा होतो, आणि मग स्वतःचं एक पान मोठ्याने वाचायचं. कोपऱ्यातल्या बेसिनला बूच लावून पाणी साठवलेलं असतं. काका त्यातूनच पेला भरतात. पाणी जरा गढूळ वाटलं. मिठाने असेल.

११ जून

सिस्टर सापडल्या. हे लिहिताना अजून अंगावर काटा आहे, चांगल्या अर्थाने. इस्पितळात सव्वीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. लेक लग्न होऊन दूर गेली, घरी एकट्याच. मुलाखतीला येतानाही चपला दारात एका रेषेत ठेवल्या.

त्यांनी वाचलेल्या पानात एका खाणकामगाराचा हात कपारीत अडकलाय आणि सोबत्यांना तो कापावा लागणार आहे. रक्ताचा थेंब नाही त्या पानात. तो माणूस फक्त एवढंच म्हणतो की आधी घड्याळ काढून घ्या, धाकट्या भावाचं आहे. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. आठवड्याभरात बावीस जणांचं वाचलंय, त्यातले एकवीस एका पारड्यात आणि ही बाई दुसऱ्या.

काका फोनवर होते, म्हणून वाचनाआधीचा पेला मीच भरून सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी नीट चूळ भरली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या की पाणी शिळं आहे. उजवीकडची शेवटची दाढ मागच्याच वर्षी काढलीय. प्रश्न नऊ, जागा मोकळी.

बारावी पुरवणी त्यांना दिली.

१९ जून

आज जुन्या लेखकांपैकी एकजण आला. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणून त्याला इथे तपासनीस म्हणतात. पाचवी आणि आठवी पुरवणी त्याची. मी मोठ्या आदराने उठून उभी राहिले.

त्याच्या सदऱ्याची कॉलर ओली होती. हनुवटीखाली रुमाल बांधला होता, तोही ओला. बोलताना वरच्या आणि खालच्या ओठामधे एक तार ताणली जायची, तुटायची नाही, तोंड मिटलं की आत जायची. मी चहा दिला. तो गेल्यावर कप उचलला तर तळाशी साय धरल्यासारखं काहीतरी होतं. चहा कोराच होता. कप कलता केला तर ती साय उताराच्या उलट बाजूला सरकली. मी कप धुतला नाही, फडक्यात गुंडाळून फेकून दिला आणि कोपरापर्यंत हात घासले.

मांडणीवाली बघत होती. मग आपल्या पानांकडे वळली.

२३ जून

सिस्टरची पहिली वीस पानं टपालाने आली. पाकीट जड, कागद दमट, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा वास. एका बैठकीत वाचली.

घड्याळवाल्या माणसाची लेखिका त्यात कुठेच नव्हती. खाणीच्या भिंतींना गोडसर घाम सुटतो, त्या घामाला जाण आहे, तो पोकळी शोधतो आणि मिळाली की तिथे घर करतो. माणसाला दुखत नाही, उलट गोड वाटतं. हे सगळं इतक्या लाडाने लिहिलंय की एखादी आई बाळाला न्हाऊ घालण्याबद्दल लिहीत असावी.

मग जुन्या पुरवण्यांची हस्तलिखितं काढली. चार लेखक, चार गावं, एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तोच घाम, तोच गोडवा. तीन वाक्यं तर शब्दशः तीच. आणि ही वाक्यं छापलेल्या कुठल्याच पुस्तकात नाहीत, काकांनी प्रत्येक वेळी छाटलीत. म्हणजे चोरायची म्हटली तरी चोरणार कुठून.

सिस्टरना फोन केला. सगळं छान आहे म्हणाल्या. शब्द ओले ऐकू येत होते. तोंडात घास असताना बोलावं तसे.

२६ जून

काका सकाळी बँकेत गेले. मी वर जाऊन बेसिनचं बूच ओढलं.

पाणी गेलं. ते गेलं नाही. फिकट गुलाबी, हिरडीच्या रंगाचं, वाडगाभर. बारीक तंतू भांड्याच्या कडांना धरून होते. मधे खळगे होते आणि त्यातल्या दोनांत – दात. माणसाचे, किडलेले, मुळासकट. त्या मांसाने ते असे धरले होते जसे आपल्या तोंडात असतात. मी वाकल्यावर ते सगळं माझ्याकडे किंचित उंचावलं. रोपटं खिडकीकडे झुकतं तसं.

तिथेच ओकले. माझी ओकारी त्याने –

नाही लिहीत.

खाली आले तेव्हा मांडणीवालीने स्वतःची बाटली पुढे केली, पहिल्यांदाच. म्हणाली, घे, हे घरचं आहे. तिला सगळं माहीत होतं. सात वर्षं. तिच्या सांगण्याप्रमाणे आधी ते आलं आणि मग खेळ. काकांच्या तोंडात ते पहिल्यांदा होतं, त्यांनीच मूळ पुस्तक लिहिलं. मग दात संपले, धरायला जागा उरली नाही, तेव्हापासून ते बेसिनमधे असतं आणि काका त्याच्यासाठी तोंडं शोधतात. माझ्या आधीची मुलगीही बत्तीस दातांची होती. एके दिवशी तिची दाढ दुखायला लागली, ती निघून गेली. तू हे कसं चालवून घेतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मी फक्त पानं लावते.”

बाटली तिच्या टेबलावर तशीच ठेवली. तिच्याकडे पाहूनही तीच मळमळ झाली, जी वर झाली होती. मग लक्षात आलं की पेला तर मी दिला होता.

२७ जून

काकांना तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत, हेच किळसवाणं. समजावत राहिले. तो ग्रह आहे पोरी, म्हणाले, खरोखर आहे, आणि याला तो आठवतो. आपण नुसते लिहून घेणारे. कुणी मेलेलं नाही. लिहायला काही सुचत नाही म्हणून रडणारी माणसं आता दिवसाला चाळीस पानं लिहितात, त्यांचं काय वाईट केलं. बोलता बोलता बेसिनमधे बोट घालून कुरवाळत होते, मांजराला कुरवाळावं तसं. मग तेच बोट चोखलं.

निघाले. फायलीतले सगळे अर्ज पिशवीत घालून आणले.

२८ जून

पुढच्या आठवड्यात सहाजण यायचे होते. सहाही जणांना फोन करून काम रद्द झाल्याचं सांगितलं. एकाने मला शिव्या दिल्या, किती महिने वाट पाहत होता म्हणे. घाल बाबा शिव्या. अर्ज जाळले.

सिस्टर फोन उचलत नाहीत. घरी गेले. दाराला कुलूप. दारातल्या चपला एक इकडे, एक तिकडे.

३० जून

दुपारी दोनला सिस्टर स्वतःच आल्या. माझा पत्ता मांडणीवालीकडून घेऊन. बरोबर त्यांची जुनी पिशवी. गळ्याशी टॉवेल, पिळता येईल इतका ओला.

हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलल्या. चार दिवसांत साठ पानं लिहिली. त्यातलं एकही त्यांचं नाही. काल आपल्याच जुन्या इस्पितळात जाऊन आल्या. टॉर्च पाहताच ते स्वतःला आत ओढून घेतं, डॉक्टरांना फक्त भरलेली जखम दिसली, हिरडी छान आहे म्हणून कौतुक केलं. स्वतः चिमटा धरला तर तोंडाशी येईपर्यंत हात लुळा पडतो. दुसऱ्या कुणीतरी ओढायला हवं.

मी म्हटलं, पेला मी दिला होता. त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणूनच तुझ्याकडे आले, तू नाही म्हणणार नाहीस.

टेबलावर स्वच्छ फडकं पसरलंय. चिमटा उकळून घेतला. हे लिहिणं त्यांचाच हुकूम: दर वेळी किती निघालं ते वेळेसकट लिही, म्हणजे मधे तुटलं तर पुढच्या माणसाला कळेल. आणि दुसरा हुकूम: एकदा सुरू केलंस की मी काहीही म्हटलं तरी थांबायचं नाही. रडले तरी. लेकीचं नाव घेतलं तरी. मी शब्द दिलाय.

३.१० – टोक दिसलं. फिकट, नखाएवढं. आत गेलं. साखरेचा खडा ठेवून वाट पाहिली. आलं. धरलं.

३.१६ – बोटभर. वास – उकडलेल्या – नको.

३.२५ – वीतभर. उबदार आहे. चिमट्याला गुंडाळतं, माझ्या बोटांकडे येतं. सिस्टर मानेने खुणावतात, चालू दे.

३.३३ – दीड वीत. दोनदा ओकले. जाड होत चाललंय. त्यात एक दात आला, त्यांचा नाही, बारीक, मुलाचा असावा –

३.४० – दोन वीत. सिस्टर म्हणाल्या, पुरे. शांतपणे.

३.४३ – त्या म्हणतात मघाशी चूक झाली. हे मुळाशी गेलंय, घशाच्या शिरेला गुंतलंय, आणखी ओढलं तर त्या जातील. सव्वीस वर्षांची नर्स सांगतेय, म्हणतात. पटेल असंच सांगतात. आवाज ओला नाही. स्वच्छ आहे. तो कुणाचा –

३.४५ – आणखी अर्धी वीत. रक्त आलं. लाल. हे त्यांचंच.

लेकीचं नाव घेतलं. माझं मनगट धरलंय. शब्द दिला होता तो त्यांना. त्यांनीच घेतला होता. पण आत्ता बोलतायत त्याही जर त्याच असतील तर – रक्त थांबत नाही. ओरडत नाहीत, समजावतायत. एका हातात पेन, एका हातात चिमटा. थांबले तर मी कुणाचं ऐकलं आणि ओढलं तर कुणाला –