कोपऱ्यातला काळा अंगठा

तीर्थरूप अण्णांना, यावेळी अगदी स्वच्छ हातांनी साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हा आठवडा तर नुसता चैनीत गेला. माझ्या खोलीत सकाळी अकराला ऊन येतं आणि तासभर खाटेवर पसरून बसतं, हे मला तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं. चहाही गरमागरम पितोय. छापखान्यात मशीनपाशी ठेवलेला कप नेहमी गार होऊन जायचा. न्हाव्याकडे तर निवांत अख्खा पेपर वाचला, नोकरीच्या जाहिरातींसकट.

मशीन दुरुस्तीला काढलंय, असं मालक म्हणाले. तुम्ही स्वतः चाळीस वर्षं मशीन चालवलंत, तेव्हा लगेच विचाराल, नक्की बिघडलंय काय? ते कुणीच सांगत नाही. गुरुवारी सहज तिकडून गेलो, तर दाराला जुन्या कुलपाच्या जोडीला नवं कुलूप होतं. आतून ठोकाठोक काही ऐकू आली नाही. सोमवारी मालकांनी सगळ्यांना बोलावलंय. बघू.

तुमचा खोकला कसा आहे? आणि आईचा गुडघा? माझ्या काळजीने ती जेवण टाकत नाही ना?

माझ्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात शाईच्या अंगठ्याचा डाग असतो. आई पत्र हातात घेऊन आधी तोच शोधते आणि म्हणते, "पोरगा कामावर आहे हो." यावेळी तो सापडायचा नाही. नखं इतकी पांढरी झालीत, की माझी मलाच परकी वाटतात.

तेव्हा अण्णा, हे पत्र तिला नुसतं वाचून दाखवा. हातात देऊ नका.

तुमचा,
धाकटा