अठरा इंची काठवटीला कुठला चक?

मु. पो. निमगाव केतकी, ता. इंदापूर

मानसिंगराव यांना सोनबाचा मनापासून रामराम. पिंपळीत सगळी खुशाल असाल, तुमचा गुडघा वळत असेल, वहिनींचा खोकला गेला असेल. इकडं आम्ही दोघं जिवंत आहोत. (त्यापुढं लिहिण्यासारखं काही नाही, पण एवढ्यासाठी पोस्टमनला उन्हात पिंपळीला पाठवणं बरं दिसत नाही.)

वालचंदनगरला तीस वर्षं आपण शेजारशेजारच्या लेथवर लोखंड कातलं. म्हणून तुम्हालाच विचारतो. अठरा इंची लाकडी काठवट करायची, तर ओंडका धरायला लेथवर चक कुठला लावावा?

झालं असं, की रतनची पीठ मळायची जुनी काठवट चैत्रात उकलली. तेव्हापासून ती स्टीलच्या परातीत मळते, आणि परात फरशीवर अशी वाजते की शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडण चाललंय. (भांडण असतंच, पण ते वेगळं.) रस्ता रुंद करताना पाडलेल्या चिंचेचे तीन ओंडके मी आणले, बारामतीहून एक जुना लेथ आणला आणि "आठ दिवसांत काठवट देतो" असं बोलून बसलो. त्याला सात महिने झाले.

पहिला ओंडका आपल्या सवयीप्रमाणं थ्री जॉ चकात धरला. बुडाला दोन इंची खुंटी ठेवली होती, तीच तीन जबड्यांत आवळली. बाहेरून गोलाई झकास आली. आतून कोरायला गेलो, तर पटाशी अडकली आणि अख्खी काठवट सुटून, वरचा पत्रा फोडून, शेजारच्या कुशाबाईंच्या अंगणात पडली. थोड्या वेळानं बाई दोन हातांत दोन तुकडे घेऊन दारात हजर. "भावजी, ही तुमची हाय का वरनंच आली?" मी तुकडे घेतले आणि दार लावलं.

दुसऱ्या वेळी जबडे आवळायची चावी अंगातलं सगळं बळ लावून पिळली. लाकूड म्हणजे लोखंड नव्हे, हे ध्यानात येईपर्यंत खुंटीपासून काठापर्यंत चीर गेली होती. रतन बघून म्हणाली, "जळणाला बरं हाय." त्या जळणावर भाकरी फार सुरेख भाजल्या, हे लिहिताना जीव तुटतो.

मग वाटलं, चकाचा नादच सोडावा, सपाट फेसप्लेटवर ओंडका स्क्रूनं बसवावा. पण बुडाला भोकं राहतात. "मी त्यात पीठ मळू का चाळू?" असं घरातून विचारण्यात आलं.

आता बारामतीत संदेश नावाचा दुकानदार लाकडासाठीचा फोर जॉ दाखवतो. चारही जबडे एकदम मिटतात, पाच इंची खुंटी धरतात, आणि लाकूड न चिरडता धरतात म्हणे. पण जड आहे, आणि आमच्या लेथचं बेअरिंग जुनं. (मालकासारखंच.) चौथ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "आबा, घ्यायचाय का नुसता बघायचाय?" मी म्हणालो, मानसिंगरावांना विचारून सांगतो. कुणाला तरी विचारायचं तर आपल्या वर्कशॉपमधल्या सात जणांत आता तुम्हीच उरलात.

उत्तर लवकर धाडा.

तुमचा,
सोनबा

ता. क. चकाचा विचार करत बसू नका. फोर जॉ कालच घेतला. उत्तम आहे.

आणखी एक ता. क. थ्री जॉ सुद्धा वाईट नव्हता. पटाशी अडकली ती माझ्या उजव्या हातामुळं. वर्ष झालं, हात थरथरतो. काल पिशवी घ्यायला तो पुढं केला, तर संदेशला वाटलं मी निरोप घेतोय. त्यानंही हात हलवला. ओंडका आता एकच आहे. सोमवारच्या एसटीनं या. पटाशी तुम्ही धरा, बटण मी दाबतो. वहिनींना सांगा, सोनबानं चक बघायला बोलावलंय.

रतनला मी काही बोललेलो नाही. ती अजून चकालाच शिव्या देते. फक्त दिवाळीपासून मला चहा अर्धाच कप देते, आणि दोनदा देते.