उशाचा डबा

२१ जुलै
बदली होऊन नाशिकहून जळगावात आले. कॉलेजचं ग्रंथालय प्रशस्त. पिंप्राळ्यात वरच्या मजल्यावर हवेशीर खोली मिळाली. मालकीण कुंदाबाई धुळ्याकडच्या. एकट्या आणि बोलक्या. सामान उतरायच्या आत शेवभाजी आणि केळी वर आली. चव्वेचाळीस वर्षांत इतक्या लवकर कुठे रुळले नव्हते.

२८ जुलै
आठवडाभर रोज सकाळी घाम, थरथर, मग अर्धा तास आठवणीत कोरा. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्तातली साखर पाहिली: ४१, धोक्याइतकी कमी. तपासण्यांत निदान झालं. स्वादुपिंडात बारीक गाठ आहे. ती गरज नसताना इन्सुलिन सोडते आणि साखर उतरते. ऑपरेशन १८ ऑगस्टला. तोवर दर तीन तासांनी खायचं, रात्रीही. साखर मोजायचं मीटर घेतलं. ग्लुकोजचा डबा उघडून उशाशी ठेवला.

३ ऑगस्ट
मीटर पाहून कुंदाबाई रडल्या. मधुमेहाने त्यांच्या नवऱ्याचा पाय गेला, मग तेही गेले. माझं नेमकं उलट आहे, हे मी दोनदा समजावलं. नवऱ्याचीही गोडासाठी हीच सबब असायची, म्हणाल्या, ‘त्याबी आसंच सांगेत. गोड दे, नहीते हातपाय कापतस.’ संध्याकाळी चहा बिनसाखरेचा, सोबत चमचाभर मेथीपूड. केळी बंद. मला नाही म्हणवलं नाही. ही त्यांच्या मायेची कदर की माझा भित्रेपणा?

७ ऑगस्ट
पहाटे मी गाऊनवरच फाटकाबाहेर गेले आणि गल्लीतल्या गिरधर रिक्षावाल्याला बोचकारलं, असं सांगतात. मला आठवत नाही. त्याच्या हातावर ओरखडे मात्र आहेत; माझ्या अंगात आलं होतं, असं तो म्हणतो. गाडीखाली यायला नको म्हणून कुंदाबाई आता रात्री बाहेरून कडी लावणार. मीच हो म्हटलं.

१० ऑगस्ट
कपाटातले बिस्किटांचे पुडे नाहीत. दुसरी खोली बघायचं ठरवून उठले; पुढचं आठवत नाही. वहीत माझ्याच अक्षरात एक ओळ: कडी काढू नका. कधी लिहिली?

१२ ऑगस्ट, अंगारकी. सकाळी ७
कुंदाबाई पद्मालयाच्या गणपतीला गेल्या. माझ्यासाठी त्यांनी उपास धरलाय, असं दाराबाहेरूनच सांगितलं. दुपारी येतील. कडी तशीच. फोन खाली, चार्जिंगला. मीटर ४७. डबा आहे, पण खोलीत खायला तेवढाच; दुपारपर्यंत पुरवायचाय. आधी हाका मारते.

८.१०
खिडकीखाली गिरधर होता. वर पाहून हात जोडले. ‘अक्का, आज देवना दिन शे, शांत ऱ्हाय.’ रिक्षा गेली —

मीटर ३४. ओळी वाकड्या —

डबा. झाकण फिरत नाही — हे हात कुणाचे —

निघालं. मूठभर तोंडात —

कडू.

मेथी. तळापर्यंत — काठोकाठ भरलीय, मायेनं —

कुणी वाचलं तर कुंदाबाईंना रागावू नका. एवढंच सांगा, मला साखर —