फादरचं निवेदन

भंडारा, मंगळवार, संध्याकाळ

धर्म बुडाला! चर्चच्या फादरनी बिनसाखरेचा चहा पाजून वर निवेदनही लिहून मागितलं. आम्हा वार्ताहरांची रीतच ही : निवेदन आपणच लिहायचं, बातमीही आपणच द्यायची. गर्भपाताचा कायदा कडक करा, असं त्यांना खासदारांना सांगायचंय. मी गर्भपाताला झोकात ‘महापातक’ लिहिलं. संस्कृत शिकल्याची खोड.

वर मी चिडवलं, “फादर, आता राजकारणात उतरून राहिले काय?”

“तुमचे महाराज खासदाराच्या घरी जेवून येतात, पंडितजी. मलेच काहून मनाई?”

खरंच आहे. त्यांनी का बोलू नये? दुपारी त्याच शब्दासकट बातमी पाठवून मोकळा झालो.

मग लेकीचा नागपूरहून फोन आला. पाचवा महिना, बाळाच्या मेंदूत दोष दिसतोय. ठेवायचं की नाही, ते उद्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मी लगेच कचेरीत फोन लावला. पान छापायला गेलं होतं.

महापातक! हा कायदा कोणाच्या दारात जाईल, हे लिहिताना मनातही आलं नाही?

फादरनी खासदारांकडे जावं की नाही, यावर मी तासभर वाद घालीन. पण लेक रोज माझी बातमी वाचते, माझी भाषा ओळखते. उद्या दवाखान्यात जाण्याआधी ती वाचेल, याची मला भीती वाटते.