दुव्याआधी बॉनेट उघड

प्रिय सायरागुल एजे,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, पोलिसांनी धरलेलं नाही आणि कुणाची मुलगीही पळवून आणलेली नाही. अनारबुबू आपा नातवाच्या लग्नाला गावी निघाल्या आहेत. त्यांच्या पिशवीत लेकरांचे बूट आणि हे पत्र देतोय. बूट एकेक माप मोठे घेतलेत, आत दोन मोजे घालायला लाव. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं आपांनी कबूल केलंय. तुझ्या सासूच्या नाही, आणि तुझ्या नवऱ्याच्या, एर्मेक जेजदेच्या, तर मुळीच नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून अख्खं खानदान शेगडीभोवती बसून ऐकतं. मला ऐकणाऱ्यांचं काही नाही, पण मध्येच कुणी हसलं की माझं बोलणं तिथेच पंक्चर होतं. सहावीनंतर इतकं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस, काय लिहिलंय ते बघ.

मागच्या रविवारी मी फोनवर सांगितलं की ती रुपेरी गाडी घेऊ नका. त्यावर जेजदे काय बोलला ते तू ऐकलंसच. "अरे तिलेक, तू एका जागी दोन महिने टिकत नाहीस आणि मला टिकाऊ गाडी कुठली ते शिकवतोस?" सगळे हसले, तूही हसलीस, मीही हसलो. खोटं काय आहे त्यात? नोवोसिबिर्स्कला आल्यापासून मी विटा उचलल्या, बाजारात पोती वाहिली, शावरमा कापला, एका म्हातारीच्या कुत्र्याला फिरवायचंसुद्धा काम केलं, आणि सगळं सोडलं. माझ्या पायात भिंगरी आहे असं आई म्हणायची ते खरंच होतं. पण आपल्या मामांनी, ओमुरबेक ताइकेंनी, इथल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात चिकटवलं, तिथे मी चौदा महिने टिकलो. जेजदेला सांग, चौदा महिन्यांत माणूस घोड्याची भाषासुद्धा शिकतो, मग मी गाडीची का नाही शिकणार?

तुझं सगळं ठरलंय हे मला माहीत आहे. चौतिसाव्या वर्षी लायसन काढलंस, गावात गाडी चालवणारी पहिली बाई तू. शाळेने वरच्या वस्तीवरची पोरं आणायचं काम तुला दिलं, आणि त्यासाठी दोन्ही घोड्या विकल्यास. त्या घोड्या विकताना तू रडली नाहीस, असं जेजदे कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, ती गोठ्यामागे जाऊन रडली असेल, तुला काय माहीत. अकरा किलोमीटरचा तो उतार, नोव्हेंबरपासून बर्फ, आणि गाडीत सात-आठ पोरं, त्यात तुझी तीन. म्हणून मी मागे लागलोय. जेजदेला वाटतं मी गाडीलाच नाट लावतोय. मी गाडीच्या आड नाही आलेलो, एजे. गाडी तू घ्यायचीच आहेस. प्रश्न कुठली घ्यायची एवढाच आहे.

बाबा घोडा कसा बघायचे आठवतं? तू मोठी, तुला जास्त आठवत असेल. कधी सांगून जायचे नाहीत. मालकाला निरोप गेला की तो घोड्याला फिरवून आणतो, खरारा करतो, मग लंगडासुद्धा दोन तास नाचतो. बाबा अंधार फिटायच्या आत गोठ्यात उभे राहायचे आणि घोडा झोपेतून उठताना बघायचे, पहिला पाय कुठला टाकतो ते. मालकाने चहा दिला, मांस वाढलं, तरी त्यांचे हात गुडघ्यावरच. दुव्यासाठी हात वर उचलायचे नाहीत, कारण एकदा हात उघडून तोंडावरून फिरवले की संपलं, सौदा पक्का. मग घोडा तीन पायांचा निघाला तरी त्याला आपलाच म्हणायचं.

गाडीचंही तेच. न सांगता जा, पहाटे जा, आणि आधी तळहात बॉनेटवर ठेव. पत्रा कोमट लागला तर तुझ्या आधी कुणीतरी सेल्फ मारून इंजिन जागं केलंय. रात्रभर गारठलेलं इंजिनच खरं बोलतं. गाडी सुरू करायला जेजदेला बसव आणि तू मागे सायलेन्सरपाशी उभी राहा. पहिला पांढरा वाफारा थंडीचा असतो, तो जाऊ दे. त्यानंतरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण उघडून बघ, आणि कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच सलाम करून घरी ये. गिअर टाकताना मागून बोकडाने ढुशी दिल्यासारखं झालं तर तेही वाईट. किलोमीटरच्या आकड्याकडे बघूच नकोस. तो मागे फिरवायला आमच्याकडे चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. त्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघ. गाडी ऐंशी हजार चाललेली आणि पायपट्टी कोरी करकरीत, तर विचार की जुनी कुठे गेली. सीटवर नवी कव्हरं असतील. कव्हर वर कर, कड फाटलेली दिसेल.

आणि सरकतं दार. ते डाव्या बाजूला एकच आहे, तू पाठवलेल्या फोटोत मी बघितलं. गाडी जपानी आहे. जपानात गाड्या डावीकडून चालतात, तिथे ते दार फुटपाथकडे उघडतं. आपल्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे ते भर रस्त्यात उघडणार. आपल्याकडच्या अशा प्रत्येक गाडीत तसंच होतं, त्यात गाडीचा दोष नाही. पण पोरं उतरताना आधी तू खाली उतर, दाराशी उभी राहा, मागून येणाऱ्याला हात दाखव. गाडी कुठलीही घे, एवढं मात्र आयुष्यभर कर.

आता फ्रिजवर चिकटवायचं एक चुंबक घे, फडक्यात गुंडाळ म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही, आणि पत्र्यावरून फिरव. जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलाय तिथे चुंबक धरणार नाही, सटकन घसरेल. दारांवर थोडंफार घसरलं तर चालतं, कुठलीही जुनी गाडी कुठे ना कुठे घासलेली असतेच. पण दाराच्या खालची जी जाड पट्टी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते, तिथे घसरलं तर थांब. मग काचांचे कोपरे बघ. प्रत्येक काचेवर बारीक छापलेला आकडा असतो, कुठल्या साली बनली त्याचा. एखादी काच फुटून बदलली असेल तर एकच आकडा वेगळा असतो. पण पुढच्या सगळ्या काचा एका सालच्या आणि मागच्या सगळ्या दुसऱ्या सालच्या असतील, तर काय समजायचं ते तुला सांगायला नको.

हे सगळं तू बघणार नाहीस हेही मला कळतं. परका विकत असता तर तू त्याला दमात घेतलं असतंस. इथे विकणारे ताइके. आईचा सख्खा भाऊ, आई गेल्यावर तुझ्या लग्नात मधोमध उभा राहिलेला, मला इथे आणून पोटाला लावणारा. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हणजे त्यांच्या ताटात बोट घालून मीठ चाखण्यासारखं. जेजदेला तर विचारायचीसुद्धा लाज वाटते. ताइके इथून स्वतः गाडी चालवत आले, एवढं कझाकस्तान पार केलं, कुठे बंद पडली नाही, हे तो मला तीनदा सांगून झाला. आणि शनिवारी मेंढी कापणार, तिचं रक्त चाकाला लावणार, म्हातारी माणसं बसणार, ताइके स्वतः दुवा देणार. म्हणजे विकणाराच दुवा देणार. बाबा असते तर या एका गोष्टीवर उठून निघून गेले असते.

पण एजे, आपल्याकडेही एक गोष्ट आहे, आणि ती ताइकेही नाकारू शकत नाहीत. आपण त्यांचे जेएन, त्यांच्या बहिणीची लेकरं. जेएनने मागितलं तर मामाने द्यायचं, चारचौघांत मागितलं तर द्यायचंच. लहानपणी मी त्यांचा चांगला लगाम असाच मागून आणला होता, त्यांनी दात ओठ खात दिला. तू आजवर काही मागितलेलं नाहीस. शनिवारी माग. जेवणाचा दस्तरखान अंथरलेला असेल, म्हातारे बसलेले असतील, दुव्यासाठी कुणाचे हात उठायच्या आत उभी राहा. आवाज चढवू नकोस, रडू नकोस, अगदी शाळेत हजेरी घेतात तशी बोल. म्हण, "ताइके, मी तुमची जेएन. घोडा मागत नाही, मेंढी मागत नाही. या गाडीत तुमची चार नातवंडं बसवा आणि वरच्या वस्तीपर्यंतची पहिली फेरी तुम्ही मारा. मग हात उघडू."

ते हो म्हणणार नाहीत. टोपी काढतील, घालतील, गुडघा दुखतो म्हणतील, थट्टेवारी नेतील. माणूस लोभी आहे, पण नातवंडं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या तोंडाकडे बघ, म्हाताऱ्यांनाही बघू दे. जेजदेला तेवढ्याने कळेल, तो बोलतो तिखट पण डोक्याने जड नाही. एखादवेळी ताइके म्हणतील की तिलेक गॅरेजात भांडलाय, राग काढतोय, पितोय. मी भांडलोय हे खरं आहे. पीत नाही. पोरं गाडीकडे पळायला लागली तर तू दारात आडवी उभी राहा, एकालाही चढू देऊ नकोस. आणि ताइके खरंच हट्टाने हो म्हणालेच, तर पुढचा परिच्छेद काढ आणि मोठ्याने वाच.

ती गाडी एक गाडी नाही, दोन आहेत. पुढचा अर्धा भाग मागून ठोकलेल्या गाडीचा, मागचा अर्धा पुढून ठोकलेल्या गाडीचा. मार्चमध्ये दोन्ही तुकडे आमच्या गॅरेजात आले आणि ते मी जोडले. दुसऱ्या सीटच्या मागे एक वीत अंतरावर गालिचा उचल, खालचा काळा डांबरासारखा थर खरवड, माझी वेल्डिंगची रेघ दिसेल. असं जोडताना आतून जाड पत्र्याची पट्टी दोन्ही बाजूंना लावावी लागते. उजवीकडे लावली. डावीकडे, दाराच्या बाजूला, पट्टी नाही. पत्रा संपला होता, मालक म्हणाला लांबी भर आणि रंग मार, आणि मी भरली. ताइके तिथे उभे होते, गाडी त्यांचीच. म्हणाले, दूर ओशकडे जाणार आहे, सपाट रस्ता, काय होतंय. मी म्हटलं बरं. एजे, मी त्यांना एकदाही विचारलं नाही की ओशकडे त्या गाडीत कोण बसणार. तुझ्याकडून गाडीचा फोटो आला तेव्हा मागच्या दिव्याखालचा रंगाचा ओघळ मी ओळखला, माझ्याच हातचा, आणि मग मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे पोरं तुझी निघाली तेव्हा. ती दुसऱ्या कुणाची असती तर मी अजून तिथेच चहा पीत बसलो असतो, आणि हे मला तुला फोनवर सांगता येत नव्हतं. गॅरेज मी सोमवारी सोडलं. महिनाअखेरच्या बसने येतोय, वेल्डिंगचा चष्मा आणि कटर घेऊन. तोवर तू नुसती गाडी नाकारून गप्प बसलीस तर ताइके ती पुढच्या खोऱ्यात विकतील, तिथेही कुणाची तरी शाळा असेलच. म्हणून ताइके हो म्हणोत की नाही, हे सगळ्यांसमोर वाचच. ताइकेंचं नाव वाचताना तुझी जीभ अडली तर त्यांचं गाळ. माझं गाळू नकोस.

तुझाच धाकटा,
तिलेक