वीस बटणांची थैली

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, विसातले एकोणीस पेशंट ठणठणीत घरी जातात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे काही नव्हतेही.

१. घर भाड्याचे आहे. त्यातले खिडकीजवळचे टेबल तेवढे माझे. ते आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. पैसे शिक्षणालाच वापरावेत. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती शेवटची ठरू नये. कपडेही तिलाच, नाहीतरी न विचारता नेतेच.

२. तराजू आणि आईने शिवलेल्या ‘क्ष’च्या थैल्या शेजारच्या तुकडीच्या गणिताच्या सरांना. प्रत्येक थैलीत सारखीच बटणे असतात आणि तोंड शिवलेले. एका पारड्यात दोन थैल्या आणि तीन सुटी बटणे. दुसऱ्यात, कापडाचे वजन फिटावे म्हणून, दोन रिकाम्या थैल्या आणि अकरा बटणे. मुले दोन्हीकडून तीन-तीन काढतात, उरलेल्याचे निम्मे करतात आणि थैली न उसवता आतला आकडा सांगतात. सर दारातून म्हणाले होते, “काय बाई, बालवाडी जोरात दिसतेय!” तो राग मी अजून सोडलेला नाही. तोही तराजूसोबत त्यांना देते. सर, एकदा स्वतःच्या हातांनी करून बघा, म्हणजे फिटंफाट.

३. बटणांची मोठी बरणी वर्गाला. मूठभर बटणांना नेलपॉलिशचा ठिपका लावून ती परत मिसळायची, पुन्हा मूठ भरायची आणि त्यात ठिपकेवाली किती आली यावरून अख्ख्या बरणीचा अंदाज बांधायचा. बरणी कोणीही मोजून टाकू नये. मोजली, की पुढच्या वर्गाने अंदाज कशाचा बांधायचा?

४. लाल थैली. हिच्यात एकोणीस पांढरी बटणे आणि एक काळे. डॉक्टरांचा आकडा ऐकून आल्यावर मी ती भरली. मुलांना कारण सांगितले नाही. न बघता एक काढायचे, रंग लिहायचा, परत घालायचे. वर्ग जिला ‘शंका’ म्हणतो, तिच्या हाती पहिल्याच खेपेला काळे आले.

“परत घाल, हलव, पुन्हा काढ,” मी म्हटले. “खूपदा काढल्यावरच प्रमाण दिसतं.”

“पण बाई, ज्याला एकदाच काढायचंय त्याने काय करायचं?”

मी पुसलेला फळा पुन्हा पुसला. ही थैली शंकाला. उत्तर मला अजून सुचलेले नाही, म्हणून प्रश्नही तिलाच परत.

इथवरचे आईला वाचून दाखवले. आई लोकांचे कपडे शिवते. मशीन थांबवून ती ऐकत होती. उठली, लाल थैली पालथी केली, काळे बटण उचलले आणि स्वतःच्या स्वेटरला शिवायला बसली.

“आई, याने काही बदलत नाही गं.”

“मग शिवू दे की.”

“थैलीत एकोणीसच उरली.”

“सगळी पांढरीच ना? झालं तर. आणि माझा टाका उसवत नाही. दोरा ओवून दे.”

मी दोरा ओवून दिला.

५. म्हणून ही दुरुस्ती. थैली शंकाला देण्यापूर्वी तिच्यात एक काळे बटण घालावे, नाहीतर प्रयोग खोटा ठरेल. ते बरणीतून घ्यावे. आईच्या स्वेटरला हात लावू नये. मी घरी परतले, तर हे काम माझे. तोवर थैली आहे तशीच राहू द्यावी.

साक्षीदार:
शाळेच्या शिपाई मावशी (“घे केली सही. आता हा कागद आणि तोंड, दोन्ही बंद ठेव.”)
कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातले काका

ठिकाण: आमची बाहेरची खोली, शिलाई मशीनशेजारी
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी
सही: गणिताच्या बाई